ऑस्ट्रेलियाला घर हलवताना: काय भरायचं, काय मागे ठेवायचं

ऑस्ट्रेलियाला घरसामान नेणार असाल तर एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करा. तिथल्या सरकारला तुमच्या सामानाच्या किमतीपेक्षा ते कशाचं बनलंय याची जास्त काळजी आहे. आपल्याकडे कस्टम्स म्हटलं की सोनं, दारू आणि मोबाइल आठवतात. तिथे दोन वर्षं वापरलेल्या टीव्हीवर कुणी कर मागत नाही, पण आजीच्या पाटातून गळणाऱ्या चिमूटभर भुशापायी अख्खं सामान आठवडाभर गोदामात पडून राहू शकतं. त्यामुळे सामानाची वर्गवारी करताना महाग-स्वस्त असे ढीग लावू नका. लाकूड, धान्य, कातडं, माती लागलेलं आणि उरलेलं सगळं, असे ढीग लावा. निम्मं काम तिथेच होतं.

हा लेख महाराष्ट्रातून नोकरीसाठी, शिक्षणासाठी किंवा कायमचं राहायला जाणाऱ्या आणि त्यासाठी समुद्रमार्गे सामान पाठवणाऱ्या कुटुंबांसाठी आहे. विमानातून बरोबर न्यायच्या बॅगांबद्दलही पुढे लिहिलं आहे, कारण घोटाळा बहुधा तिथेच होतो.

तुमच्या सामानाकडे तिथे दोन खाती पाहतात. ऑस्ट्रेलियन बॉर्डर फोर्स शुल्क, कर आणि बंदी असलेल्या वस्तू पाहतं. कृषी, मत्स्यव्यवसाय आणि वन खातं बायोसिक्युरिटी, म्हणजे किडी, बिया, माती आणि रोग पाहतं. या दुसऱ्या खात्याच्या हातात 2015 चा बायोसिक्युरिटी कायदा आहे आणि तो कडक आहे. दोन्ही खात्यांनी सोडल्याशिवाय सामान तुमच्या दाराशी येत नाही.

पहिली पायरी: बारा महिन्यांचा हिशेब

नियम सोपा आहे. ऑस्ट्रेलियाला निघण्याआधी किमान बारा महिने जी वस्तू तुमच्या मालकीची होती आणि तुम्ही वापरत होता, तिच्यावर शुल्क नाही आणि जीएसटीही नाही. मालकी आणि वापर दोन्ही हवेत. दोन वर्षांपूर्वी घेऊन माळ्यावर खोक्यात ठेवलेला डिनर सेट मालकीच्या अटीत बसतो, वापराच्या अटीत बसत नाही. दारू, तंबाखू आणि वाहनं या सवलतीत येतच नाहीत.

बारा महिन्यांच्या आतल्या वस्तूंवर शुल्क आणि जीएसटी लागू शकतो. सर्वसाधारण शुल्क 5 टक्के आणि जीएसटी 10 टक्के. इथे बरेच जण चुकतात, कारण जीएसटी नुसत्या किमतीवर नसतो. शुल्क, वाहतूक आणि विमा धरून होणाऱ्या बेरजेवर असतो. समजा 1,000 ऑस्ट्रेलियन डॉलरची नवी वस्तू आहे, तिच्या वाट्याला वाहतूक आणि विम्याचे 200 डॉलर आले. शुल्क 50 डॉलर. मग 1,250 वर 10 टक्के म्हणजे 125 डॉलर जीएसटी. एकूण 175 डॉलर गेले. जाण्याआधी लक्ष्मी रोडवरून नाहीतर दादरहून हौसेनं नवी भांडी, नवे पडदे, नव्या चादरी घेताना हा हिशेब डोळ्यांसमोर असू द्या. नवविवाहित जोडप्यांना हे विशेष सांगतो: आहेरातल्या नव्या वस्तू कंटेनरमध्ये घालण्याआधी त्या खरंच तिथे लागणार आहेत का, ते पाहा.

बिलं सापडतील तेवढी शोधा आणि मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. विशेषतः लॅपटॉप, कॅमेरा, टीव्ही, शिलाई मशीन, मिक्सर यांची.

मिक्सरचा विषय निघालाच आहे तर सांगतो, ऑस्ट्रेलियात वीज 230 व्होल्ट, 50 हर्ट्‌झची आहे, आपल्यासारखीच. त्यामुळे मिक्सर, इस्त्री, ओला ग्राइंडर तिथे चालतात, फक्त प्लगचा आकार वेगळा आहे. गॅसची शेगडी मात्र नेऊ नका, तिथली जोडणी आणि सुरक्षेची प्रमाणपत्रं वेगळी आहेत. साध्या ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर चालत नाही आणि तिथल्या कितीतरी भाड्याच्या घरांत इंडक्शन किंवा विजेची शेगडी असते. स्टीलचा, इंडक्शनवर चालणारा कुकर असेल तर तोच न्या. फ्रिज आणि एसी इथेच विकून टाका. त्यातल्या गॅसला तिथे वेगळे नियम आहेत आणि भाड्यात ते परवडतही नाहीत.

दुसरी पायरी: भारतातून काय बाहेर नेता येत नाही

ही पायरी बहुतेक जण विसरतात. तिकडच्या नियमांची एवढी चर्चा होते की आपल्याच देशाचे कायदे मागे पडतात.

1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, नाणी, चित्रं, कोरीव काम, धातूच्या वस्तू हे पुरावशेष ठरतात आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाहीत. साहित्यिक, ऐतिहासिक किंवा शास्त्रीय मोल असलेल्या हस्तलिखितांसाठी ही मर्यादा 75 वर्षांची आहे. देवघरातले चांदीचे टाक, पणजोबांची पितळी समई, मोडीतली कागदपत्रं, घराण्याची पोथी हे सगळं या कक्षेत येऊ शकतं. वस्तू तितकी जुनी नसूनही जुनी दिसत असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावशेष नसल्याचं प्रमाणपत्र घ्या. त्याला वेळ लागतो, म्हणून हे काम आधी हाती घ्या. ती वस्तू खरोखरच जुनी असेल तर ती भावाकडे, काकांकडे सुखरूप ठेवा आणि तिचे चांगले फोटो बरोबर न्या.

शिसवी लाकडाचं तसंच. शिसमाच्या सगळ्या जाती, म्हणजे डाल्बर्जिया वंशातली झाडं, 2017 पासून वन्य प्रजातींच्या व्यापारावरच्या साइटीस करारात आहेत. एका खेपेत त्या लाकडाचं वजन 10 किलोपर्यंत असेल तर तयार वस्तूंना सूट आहे. शिसवी चौरंग त्यात बसतो, शिसवी पलंग बसत नाही. मोठ्या शिसवी फर्निचरसाठी कागदपत्रं करावी लागतात आणि एका पलंगासाठी तो खटाटोप करावा असं मला वाटत नाही.

मोराची पिसं भारतातून बाहेर नेता येत नाहीत, कृष्णाच्या मुकुटात खोवलेली असली तरी. हस्तिदंत, शिकारीतल्या प्राण्याचं कातडं लावलेल्या वस्तू, कासवाच्या पाठीची डबी यांचा विचारही नको. चंदनाच्या आणि रक्तचंदनाच्या लाकडाच्या निर्यातीवर निर्बंध आहेत, तेव्हा गंध उगाळायचं खोड इथेच राहू द्या.

सोन्याबद्दल एक उपयोगी गोष्ट. निघताना विमानतळावर भारतीय कस्टम्सकडून दागिन्यांचं निर्यात प्रमाणपत्र करून घेता येतं. पुढे भारतात येताना तेच दागिने अंगावर असले तर ते इथूनच नेले होते हे त्यावरून सिद्ध होतं. त्यासाठी विमानतळावर जरा आधी पोचा आणि सराफाची बिलं किंवा मूल्यांकनाचा कागद जवळ ठेवा. दागिने कंटेनरमध्ये कधीच घालू नका.

तिसरी पायरी: घर चाळून काढणं

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. पॅकर्स दारात येण्याच्या तीन-चार आठवडे आधी सुरुवात केली तर घाई होत नाही.

आधी स्वयंपाकघर. त्यात कडकपणा का आहे ते कळलं की राग येत नाही. खपरा नावाचा एक कीटक आहे, प्रौढ किडा दोन-तीन मिलिमीटरचा, अळी तपकिरी आणि केसाळ. गव्हाच्या कोठीत, पोत्यांच्या शिवणीत ज्यांनी पाहिली असेल त्यांना ती ओळखता येईल. साठवलेल्या धान्याची ती माती करते, फटीत दडून अन्नाशिवाय वर्षानुवर्षं तग धरते, औषधांनाही सहजी दाद देत नाही. त्याचं मूळ भारतीय उपखंडातलं मानलं जातं. ऑस्ट्रेलिया जगाला गहू विकणारा देश आहे आणि हा किडा तिथे स्थिरावला तर अनेक देश त्याचं धान्य घेणं थांबवतील. 2007 मध्ये पर्थमधल्या एका घरात तो सापडला होता, आणि आला होता परदेशातून राहायला आलेल्या कुटुंबाच्या घरसामानातून. ते घर झाकून धुरी द्यावी लागली. त्यामुळे घरसामानाच्या खोक्याकडे तिथले अधिकारी संशयाने पाहतात यात नवल नाही.

2020 पासून खपऱ्याचा धोका असलेल्या वस्तूंवर घरसामानातही बंदी आहे आणि प्रवाशाच्या बॅगेतही. यादी वाचाल तर आपला अख्खा किराणा आहे: तांदूळ, गहू, हरभरे, तूर, मूग, मसूर, चवळी, राजमा, वाटाणे, सोयाबीन, शेंगदाणे, जिरे, धणे, बडीशेप, सुक्या मिरच्या, करडई, भोपळा-काकडीच्या बिया. हातसडीचा आंबेमोहोर, गावाकडची तूरडाळ, लसणाच्या चटणीसाठी शेंगदाणे, यातलं काहीही भरू नका. जाहीर करून नेईन म्हटलं तरी ते आत सोडत नाहीत. गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला घरचा असेल तर तोही कंटेनरमध्ये नको. सिडनीत पॅरामॅटाजवळ हॅरिस पार्क, मेलबर्नला डँडेनाँग अशा भागांत भारतीय दुकानांच्या रांगा आहेत. डाळी, तांदूळ, मसाले तिथे मिळतात आणि पहिल्या आठवड्याची सोय सहज होते.

धान्य न नेणं सोपं, पण धान्याचे डबे नेताना जपायला हवं. स्टीलचे डबे, चाळणी, पुरण यंत्र, मिक्सरची भांडी, पिठाची गिरणी यांच्या कडांमध्ये पीठ बसलेलं असतं. डब्याच्या झाकणाची दुमडलेली कड नखाने खरवडून पाहा, काय निघतं ते दिसेल. गरम पाण्याने धुवा, उन्हात वाळवा, ब्रश फिरवा. घरगुती गिरणी पूर्ण उघडून साफ होत नसेल तर ती नेऊ नका. मसाल्याचा डबाही रिकामा, धुतलेला हवा.

आता लाकूड. पोळपाट, लाटणं, पाट, देव्हारा, रवी, पाळणा, ग्रंथाचा रेहाल, लाकडी खेळणी. लाकूड नेता येतं, पण साल लागलेली नको, भोकं नकोत, जिवंत कीड नको. तपासायची सोपी पद्धत सांगतो. काळा कागद पसरा, पोळपाट त्यावर पालथा ठेवून हलके ठोका आणि तसाच दोन दिवस राहू द्या. कागदावर पिठासारखी बारीक भुकटी पडली तर आत भुंगा आहे. टाचणीच्या डोक्याएवढी भोकं पायांच्या सांध्यात असतात, तिथे टॉर्च मारून पाहा. भुकटी पडणारी वस्तू नेऊ नका, वॉर्निश मारून झाकण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नका. अधिकाऱ्याला शंका आली तर तुमच्यापुढे तीनच पर्याय असतात: उपचार करून घ्या, परत पाठवा किंवा नष्ट करू द्या. उपचार म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी, उष्णता किंवा गॅमा किरण. यातला कुठलाही पर्याय निवडला तरी खर्च तुमचाच, आणि शंभर-दीडशे रुपयांच्या पोळपाटासाठी तो कुणालाच पटणार नाही. नवा पोळपाट घ्यायचाच असेल तर संगमरवरी किंवा स्टीलचा घ्या.

बांबू, वेत, गवत यांच्या वस्तू मी सरसकट मागे ठेवायला सांगतो. सूप, रोवळी, परडी, टोपल्या, चटई, केरसुणी, खराटा. लक्ष्मीपूजनाची केरसुणी नेण्याची इच्छा मी समजू शकतो, पण ती वाळक्या पानांची जुडी आहे आणि तपासणारा तिच्याकडे तसंच पाहणार. कापसाच्या गाद्या आणि उशाही तशाच. आत सरकीचे तुकडे, काडीकचरा राहिलेला असतो आणि गादी उसवून दाखवणं शक्य नसतं. जुन्या साड्यांची धुतलेली गोधडी खुशाल न्या.

देवघराचं सामान वेगळं काढा. पितळी, तांब्याच्या, चांदीच्या वस्तू, घंटा, निरांजन, ताम्हन धुऊन पुसून न्यायला हरकत नाही. अक्षता म्हणजे तांदूळ, तेव्हा त्या नकोत. सुपाऱ्या, नारळ, हळकुंडं, दर्भ, वाळलेली फुलं, निर्माल्य, आंब्याचे डहाळे, समिधा, गोवऱ्या, गोमूत्र, तीर्थक्षेत्राची माती हे काहीही खोक्यात जाता कामा नये. पूजेची पिशवी पूर्ण उलटी करून झटका. तळाशी चार अक्षता आणि एक सुपारी हमखास निघते. तुळशीचं रोप, तुळशीचं बी किंवा बागेसाठी इतर बिया यांचाही मोह टाळा. रुद्राक्ष, तुळशीमाळ गळ्यात असेल तर विमानतळावर जाहीर करा, अधिकारी पाहून सांगतील.

तबला-डग्गा, पखवाज, ढोलकी यांना कातडं आहे, हार्मोनियमच्या भात्यालाही असू शकतं. ही वाद्यं नीट पुसून, केस किंवा कीड नाही याची खात्री करून, यादीत स्पष्ट लिहून पाठवा. चामड्याच्या कोल्हापुरी चपला नेता येतात, पण तळव्याला गावची माती नको.

माती हा तिथे इतर कशाहूनही मोठा गुन्हा समजा. ट्रेकिंगचे बूट, क्रिकेटचे स्पाइक्स, सायकलची चाकं, तंबू, मुलांच्या सायकलचे मडगार्ड, कुंड्या, खुरपं, व्हॅक्युम क्लीनरची पिशवी. सह्याद्रीत चार पावसाळे फिरलेल्या बुटाच्या तळाचे खाचे जुन्या टूथब्रशने एकेक करून घासा, पाण्यात बुडवा, परत घासा. कुंडी आणि खुरपं नेऊच नका. पाटा-वरवंटा, खलबत्ता दगडाचा असेल तर टाकीच्या खाचांमध्ये मिरची-खोबऱ्याचा अंश उरतो, तो उकळत्या पाण्याने काढा.

दूध आणि मांस यांबद्दल थोडक्यात. आपल्याकडे गुरांना लाळ्या खुरकूत होतो, ऑस्ट्रेलियात तो रोग नाही आणि तो तिथे येऊ नये म्हणून ते जिवापाड जपतात. पेढे, बर्फी, गुलाबजाम, खवा, घरचं लोणी, सुकं मांस काहीच नको.

आणखी काही वस्तू शोधून बाजूला काढा: फटाके, टिकल्यांचं किंवा खऱ्यासारखं दिसणारं पिस्तूल, दुधारी कट्यार, एक मिलिवॉटहून जास्त शक्तीचा लेझर पॉइंटर, ई-सिगारेट. 2003 च्या अखेरीपासून तिथे ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी आहे, त्यामुळे जुन्या गाड्यांचे ब्रेक आणि गॅस्केटही अडचणीचे ठरतात. बुलेट बरोबर नेण्याचा बेत असेल तर गाडी जहाजावर चढण्याआधी तिथल्या परिवहन खात्याची आयात मंजुरी हातात हवी. मंजुरीशिवाय गाडी पाठवलीत तर ती बंदरातच अडकेल.

चौथी पायरी: यादी

अधिकारी तुम्हाला ओळखत नाहीत, त्यांच्यासमोर फक्त तुमची यादी असते. ती इंग्रजीत, टाइप केलेली आणि खोक्यागणिक असावी. "किचन आयटम्स" किंवा "मिसलेनियस" असं लिहिलेलं खोकं पहिल्यांदा उघडलं जातं.

असं लिहा: खोकं 7, स्टीलची ताटं 12, वाट्या 18, पेले 12, स्टीलचा कुकर 1, सगळं धुतलेलं, वापर 2019 पासून. खोकं 8, लाकडी पाट 2, लाकडी पोळपाट 1, लाकडी लाटणी 2, कीड नाही. खोकं 9, मराठी पुस्तकं 40. लाकूड, कातडं, मोकळ्या मैदानावर वापरलेल्या वस्तू यांची खोकी स्वतंत्र ठेवा आणि यादीत त्यांच्यासमोर खूण करा. लाकडी पोळपाट पुस्तकांच्या खोक्यात कोंबला तर पुस्तकांचंही खोकं उघडावं लागतं. पॅकर्सना सांगून ही खोकी कंटेनरच्या दाराजवळ, हाताशी येतील अशी लावायला सांगा. पहिल्यांदा तीच उघडायची असतात, तेव्हा मागचं सगळं उपसावं लागत नाही.

खोकी नवी घ्या. फळांची, भाज्यांची, अंड्यांची जुनी खोकी चालत नाहीत. भुसा, पेंढा भरून काचेची भांडी पॅक करणंही चालत नाही. लाकडी क्रेट वापरायचा असेल तर त्यावर आंतरराष्ट्रीय नियमांचा शिक्का लागतो: गव्हाच्या लोंबीचं चिन्ह, आयपीपीसी ही अक्षरं, देशासाठी आयएन आणि उष्णता उपचारासाठी एचटी. शिक्का आहे का ते स्वतः पाहा, तोंडी "हो साहेब" वर विसंबू नका.

पाचवी पायरी: पॅकर्सशी बोलणी

सामान बहुधा न्हावा शेवाहून निघतं. पूर्ण कंटेनर भरण्याइतकं सामान नसेल तर ते इतरांच्या सामानाबरोबर जातं आणि वाटेत दुसऱ्या जहाजावर चढवलं जातं. काही आठवडे ते दोन-अडीच महिने धरून चाला. सामान तुमच्या आधी पोचलं तर गोदामाचं भाडं सुरू होतं, म्हणून ते तुमच्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी पोचेल असा बेत आखा.

भाव घेताना एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारा: यात तिकडचा खर्च कुठला धरला आहे आणि कुठला नाही? घर ते बंदर आणि घर ते घर यांत फार मोठा फरक आहे. तिकडच्या बंदराची फी, गोदामाचं भाडं, कस्टम्सचं काम करणाऱ्या एजंटची फी, बायोसिक्युरिटी तपासणीची फी, उपचार लागल्यास त्याचा खर्च. स्वस्त भाव हे सगळं वगळून दिलेला असतो आणि तिकडे गेल्यावर सामान सोडवायला इकडच्या भाड्याएवढी रक्कम मागितली जाते. प्रत्येक बाब लेखी घ्या आणि मगच तुलना करा.

विमा काढा. काही पॉलिसी अख्खी खेप बुडाली तरच पैसे देतात, काही फुटतुटीचंही देतात. खोकं तुम्ही स्वतः भरलेलं असेल तर आतल्या फुटतुटीला बहुतेक पॉलिसी नकार देतात. काचेची भांडी आणि टीव्ही पॅकर्सनाच भरू द्या, पण समोर उभं राहून. कुठल्या खोक्यात काय गेलं ते तिथेच टिपून घ्या.

सहावी पायरी: फॉर्म

बरोबर नसलेल्या घरसामानासाठी बॉर्डर फोर्सचा बी-534 हा फॉर्म असतो. सोबत पासपोर्टच्या फोटोच्या पानाची प्रत आणि तपशीलवार यादी द्यायची. तिकडचा एजंट फॉर्म पाठवतो, उत्तरं मात्र तुमची असतात आणि सही तुमची असते. लाकूड आहे का, वनस्पतीजन्य आहे का, मैदानी वापराच्या वस्तू आहेत का, बारा महिन्यांहून कमी जुनं काय आहे, असे प्रश्न त्यात येतात. शंका आली की "हो" लिहा. हो लिहून सगळं ठीक निघालं तर तुमचं काही बिघडत नाही. नाही लिहून काही निघालं तर ती खोटी माहिती ठरते. "सगळे नाही लिहितात, काही होत नाही" असं सांगणारा भेटेलच, त्याचं ऐकू नका.

सातवी पायरी: विमानातल्या बॅगा

प्रवेशाच्या वेळी इनकमिंग पॅसेंजर कार्ड भरावं लागतं. तेही कायदेशीर निवेदन आहे. खाण्याचं काहीही असेल, चॉकलेटसुद्धा, तर "हो". जाहीर केलेली वस्तू काढून घेतली गेली तरी दंड होत नाही. लपवलेली सापडली तर हजारो डॉलरचा दंड होऊ शकतो आणि काही प्रकारचे व्हिसा विमानतळावरच रद्द होऊ शकतात. आई-वडील पहिल्यांदा भेटायला येतील तेव्हा त्यांनाही हे मराठीत, शांतपणे, दोनदा समजावून सांगा. त्यांच्या बॅगेत प्रेमाने भरलेला लाडूंचा डबा असतो आणि रांगेत इंग्रजीतून विचारल्यावर ती माणसं घाबरून "नो, नो" म्हणतात.

वापरातले कपडे, चपला, रोजच्या गरजेच्या वस्तू करमुक्त आहेत. त्याशिवाय नव्या वस्तू आणि भेटी मोठ्या माणसाला 900 डॉलरपर्यंत, अठरा वर्षांखालच्यांना 450 डॉलरपर्यंत. एकत्र प्रवास करणारं कुटुंब ही मर्यादा एकत्र धरू शकतं. नव्याने केलेलं सोनं यातच मोजलं जातं, तेव्हा 900 च्या वर जात असेल तर जाहीर करा. अठरा वर्षांवरच्यांना दारू 2.25 लिटर, आणि सिगारेट 25 किंवा तंबाखू 25 ग्रॅम, शिवाय एक उघडलेलं पाकीट. रोख रक्कम 10,000 ऑस्ट्रेलियन डॉलर किंवा जास्त असेल तर सांगावंच लागतं. इतर देशांचं चलनही त्यात धरतात.

औषधं हातातल्या बॅगेत, मूळ वेष्टनात, तीन महिन्यांपुरतीच, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह. ती घरसामानाच्या खोक्यात घालू नका.

आठवी पायरी: सामान आल्यावर

एजंट तपासणीची तारीख कळवतो. एखादं खोकं उघडून परत बांधलं गेलं असेल तर त्यात आश्चर्य नाही. एखादी वस्तू रोखली गेली तर तिचा पर्याय निवडायला मुदत मिळते. त्या मुदतीत ईमेलला उत्तर द्या, कारण गोदामाचं भाडं रोज वाढत असतं. पर्थ किंवा टास्मानियाला जाणार असाल तर तिथली राज्यं देशांतर्गत सामानावरही आपापले नियम लावतात, म्हणून मेलबर्नहून तिकडे सामान हलवण्याआधी चौकशी करा.

खोकी घरात आली की शक्य तर गॅरेजमध्ये फरशीवर उघडा आणि आतलं सामान पांढऱ्या चादरीवर काढा. एखादा किडा, केसाळ अळी, भुकटी दिसली तर चिरडू नका, बाहेर झटकू नका. झाकणाच्या बाटलीत पकडा, खोकं परत चिकटपट्टीने बंद करा आणि कृषी खात्याच्या 1800 798 636 या क्रमांकावर कळवा. स्वतःहून कळवणाऱ्याला ते मदत करतात. रिकामी खोकी आणि पॅकिंगचा कचरा सगळं उघडून होईपर्यंत बाहेरच्या डब्यात टाकू नका. फुटलेल्या भांड्यांचे फोटो खोक्याच्या क्रमांकासह काढा आणि विमा कंपनीला मुदतीत पाठवा. बऱ्याच पॉलिसींत ती मुदत फार कमी असते. बी-534 ची प्रत, यादी आणि एजंटची बिलं एका फाइलमध्ये जपून ठेवा.